एफला गाव नाही

महिन्याचा कोटा बारा तारखेलाच संपला.
बिटकोवरचा कनोजे म्हणाला, काका,
तुमचं नेटवर्क उघडं आहे.
दाराला कडी घालून झोपायचं
आणि भिंतीच बांधायच्या नाहीत, तसं.
अख्ख्या बिल्डिंगचे पिक्चर तुमच्या बिलावर उतरतायत.

हे मला सांगतो.
मला, ज्याने तेहतीस वर्षं प्रेसच्या गेटवर
दोन्ही हात वर करून झडती दिली,
जाताना एकदा, येताना एकदा,
डब्यातली पोळी उलगडून दाखवली,
आणि घरी काय छापलं ते कधी काढलं नाही.
पाहुण्यांनी फारच विचारलं तर म्हणायचो, कागद.

रात्री जेवणं उरकून बसलो.
बॉक्स जुना. त्याला नवी कुलपं चालत नाहीत,
आहे ते लावायचं.
सव्वीस खणांची किल्ली,
शून्य ते नऊ, ए ते एफ, बस.
देवाचं नाव नको, वाढदिवस नको,
लक्षात राहील असं काहीच नको, कनोजेने बजावलेलं.
बॉक्सनेच एक काढून दिली.
मी ती वहीत उतरवली, तपासली,
मग उलटी, शेवटाकडून पहिल्याकडे,
जशी हाताला सवय.

आता तीच मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर.
कुमुदिनी टायपायला, मी वाचायला.
सात. डी. शून्य. बी.
बी की डी?
बी.
मला दोन्ही एकच वाटतात हो.
तिचा डावा कान दिवाळीपासून बंद आहे.

मग गावं घेतली.
ए अंबडचा, बी भगूरचा,
सी चांदवडचा, डी देवळालीचा,
ई, ती म्हणाली, एकलहऱ्याचा,
गच्चीतून ज्याच्या चिमण्या दिसतात तो.
एफला अडलो.
सिन्नर झालं, निफाड झालं, पार सुरगाण्यापर्यंत जाऊन आलो,
एफला गाव नाही.
फुकटचा, ती म्हणाली.
एफ फुकटचा.

पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदाही.
तिसऱ्यांदा मी उभा राहिलो
आणि त्या जुन्या आवाजात वाचत सुटलो,
मशीनच्या घरघरीवरून पलीकडच्या टेबलाला पोचायचा तो.
देवळाली, चार, भगूर, भगूर, नऊ,
फुकटचा, एकलहरे, शून्य, अंबड,
पुन्हा फुकटचा…
गॅलरीचं दार सताड उघडं.
अहो, हळू. किल्ली आहे ना ती?

लागली.
कोपऱ्यात बोटाच्या नखाएवढं कुलूप आलं.
दोघं त्याच्याकडे बघत बसलो,
जसं काही ते आणखी काही करणार आहे.

इतक्या मोठ्यांदा तुम्ही फक्त झोपेत वाचायचात, ती म्हणाली.
काय?
आकडे. लांबच्या लांब. मध्येच एखादं अक्षर.
लग्नानंतर पहिल्या महिन्यात घाबरले होते मी,
वाटलं कुणाचे पैसे देणं लागता.
मग कळलं.
कुणाला बोललीस?
कुणाला बोलणार.
आईलासुद्धा नाही.

तिने लॅपटॉप मिटला, त्यावर विणलेला रुमाल घातला.
बाहेर कुठलीतरी मालगाडी
नाशिकरोडला न थांबता गेली.
मी पडून राहिलो.
तेहतीस वर्षं माझे खिसे बघितले त्यांनी,
टाचा, टोपी, डब्याचं झाकण.
उशी कुणी झटकून पाहिली नाही.

सकाळी दूध आणायला निघालो
तर जिन्यात वरच्या अहिररावांचा ओजस,
तोंडात ब्रश, हातात चुरगळलेला कागद.
काका, ते दुसऱ्या फुकटच्यानंतर
तीन होता की आठ?

मी काही बोललो नाही.
पिशवी हातात, ओठ घट्ट,
गेटवर उभा राहायचो तसाच उभा राहिलो.

आतून, तव्यावरची पोळी उलथता उलथता,
कुमुदिनी म्हणाली,
आठ.